बजी, फिंच आणि कॉकटेल एकाच पिंजऱ्यात ठेवले तर चालतील का?

ठाण्याची_चिऊ

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या. आमच्याकडे चार बजी आहेत, दोन नर दोन माद्या, एकदम मजेत आहेत. (घेताना दुकानदाराने लव्हबर्ड म्हणूनच दिले होते, फोटो टाकलाय, डोक्यावर काळ्या बारीक रेघा असलेले हिरवे-पिवळे-निळे ते.) पिंजरा तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच आणि बाल्कनीत आतल्या भिंतीला लावलाय. आता झालंय असं की धाकटे दीर बेंगळुरूला शिफ्ट होतायत आणि त्यांच्याकडची झेब्रा फिंचची जोडी आणि एक कॉकटेल (करडा, गालावर नारिंगी ठिपका, दिवसभर शिट्ट्या मारतो) आमच्याकडे येणार आहेत. लेक चौथीत आहे, ती तर आत्तापासूनच नाचतेय.

आमच्या ह्यांचं म्हणणं, एवढा मोठा पिंजरा आहे, टाका सगळे त्यातच. मी जिथून दाणा घेते तो पण म्हणाला, मॅडम हे तिन्ही ऑस्ट्रेलियाचेच, एका देशातले, बिनधास्त ठेवा, आमच्याकडे नाही का सगळे एकत्र. आणि खरंच त्याच्याकडे एकाच पिंजऱ्यात सगळे दिसतात. पण मला धाकधूक वाटतेय कारण फिंच अगदीच अंगठ्याएवढे आहेत हो. वन बीएचके आहे, त्यामुळे अजून दोन पिंजरे म्हणजे आम्ही कुठे राहायचं असा प्रश्न येईल. कोणी असं एकत्र ठेवलंय का? मधे जाळीचं पार्टिशन टाकलं तर? आणि बजींसाठी अंडी घालायचं मडकं टांगलेलं आहे ते राहू दे की काढू?

पिसारा_सांगली

ताई, फिंच वेगळेच ठेवायचे, ह्यात घासाघीस करू नका. बाकी कॉकाटीलचं (म्हणजे तुमच्या कॉकटेलचं) बोलू, तिथं थोडी जागा आहे.

कारण सांगतो. फिंचची चोच दाणा सोलायची आहे, सरळ टोकाची, चावून चावून काय चावणार ती. बजी म्हणजे आकाराने लहान असला तरी पोपटच, वाकडी चोच, वरची खालची मिळून पकड बसते. वजन बघा, झेब्रा फिंच साधारण १२ ग्रॅम, बजी ३० ते ४०. आता बजी काही मुद्दाम जीव घ्यायला जात नाही, त्याची सवयच अशी की समोर आलं की चोचीत धरून बघायचं, दांडी असो, घंटी असो नाहीतर शेजाऱ्याचा पाय. दुसऱ्या बजीचा पाय धरला तर तो किंचाळतो, उलटा चावतो, मिटलं. फिंचचा पाय म्हणजे आगकाडी, एकदा दाबला की गेला. माझ्याकडे लोक पक्षी दाखवायला घेऊन येतात त्यात एक बोट नसलेले, नखं नसलेले फिंच बघितले की मी आधी विचारतो सोबत कोण आहे, आणि उत्तर नव्वद टक्के वेळा ठरलेलं असतं.

दुसरं म्हणजे दांडी. फिंचना वरची दांडी झोपायला लागते आणि ते अंधार पडायला लागला की लगेच गप्प होतात. बजी मात्र बाल्कनीतला लाइट चालू असेपर्यंत गोंधळ घालतात, एकाला ढकल, दुसऱ्याच्या अंगावरून चाल, असं. फिंच घाबरून रात्रभर जाळीला लटकलेले बघितलेत मी. जाळीला लटकलेला पक्षी म्हणजे बाहेरून मांजराला आणि आतून बजीला, दोघांनाही सोपा.

ऑस्ट्रेलियाचं म्हणाल तर दुकानदार खोटं बोलत नाहीये. तिन्ही तिथल्या आतल्या कोरड्या भागातले, उन्हाळ्यात एकाच पाणवठ्यावर येतात पण. फरक एवढाच की तिथे बजी अंगावर आला तर फिंच उडून पार दुसऱ्या झाडावर जातो. तुमच्या तीन फुटात तो जाऊन जाऊन कुठं जाणार? आणि दुकानात पक्षी राहत नाहीत ओ, विकले जाईपर्यंत थांबतात. तिथला पाय तुटलेला फिंच तुम्हाला दिसत नाही कारण तो समोर ठेवतच नाहीत.

कॉकाटील स्वभावाने गरीब. लोकांना वाटतं ८०-१०० ग्रॅमचा मोठा पक्षी बजींना त्रास देईल, होतं उलटंच. बजी त्याची शेपटी ओढतात, त्याला दाण्याच्या वाटीवरून हुसकतात आणि हा तुरा चपटा करून कोपऱ्यात बसतो. चार बजी आणि एक कॉकाटील ह्या मापात नाहीच जमणार, त्याला शेपटीसकट एक फूट लांबी आहे, पंख उघडायला तरी मोकळी जागा पाहिजे ना. शिवाय कॉकाटील रात्री दचकतात, ही त्यांची जातीचीच खोड आहे. गाडीचा लाइट पडला, पाल सरकली, कुत्रं भुंकलं की अंधारात धडाधडा पंख आपटतात. त्या वेळी पिंजऱ्यात बारके पक्षी असले तर त्यांचाही चेंदामेंदा. त्याच्याजवळ एक झिरोचा बल्ब ठेवा रात्री.

मडकं काढा. सध्या आत अंडी-पिल्लं असतील तर ती बाहेर येईपर्यंत राहू दे, मग लगेच काढा. मडक्यावर आलेली बजीची मादी (चोचीवरची पट्टी चॉकलेटी, खरबरीत होते बघा) जवळ येणाऱ्या कुणालाच सोडत नाही, आणि दोन माद्या एका मडक्यावर आल्या तर बजी-बजीतच रक्त निघतं. मुळात दोन माद्यांना एक मडकं हा हिशोबच चुकीचा.

गच्चीवरचे_काका_नाशिक

पिसारा यांच्या मताचा आदर आहे, पण इतकं घाबरवायची गरज नाही असं मला वाटतं. आमच्या गच्चीवर बारा बाय आठ फुटाचा, सात फूट उंच असा मोठा जाळीचा बंगलाच केलेला आहे. त्यात बजी, कॉकाटील, झेब्रा आणि बेंगॉली फिंच सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. एका बाजूला पत्र्याची शेड आहे, तुती आणि जास्वंदीच्या कुंड्या आत ठेवल्या आहेत (जास्वंद त्यांनी कधीच खाऊन संपवली, ते सोडा). भांडणं होतात पण कुठल्या घरात होत नाहीत? आपण प्रेमाने वागवलं, पोटभर दाणा दिला की पक्षीही शांत राहतात असा माझा अनुभव आहे.

पिसारा_सांगली

काका, तुमची जागा शहाण्णव चौरस फूट, ताईंची साडेचार. तिथंच उत्तर आलं की. मोठ्या कॉलनीत सुद्धा मी हुकबिल (वाकड्या चोचीचे) आणि फिंच मिसळत नाही पण तुमचं चाललंय तर ठीक.

एक विचारू का, राग मानू नका. फिंचना पिल्लं होतात का तुमच्याकडे?

गच्चीवरचे_काका_नाशिक

राग कसला. करवंट्यांची घरटी लावली आहेत, अंडी घालतात, भरपूर घालतात. पिल्लं मात्र टिकत नाहीत. उंदीर नेत असावेत असा अंदाज आहे, पिंजरा लावून ठेवलाय पण सापडत नाही अजून एकही.

पिसारा_सांगली

उंदीर असेलही काका. पण मडक्यावर न बसलेली एखादी बजीची मादी मोकळी फिरत असेल तर ती करवंटीत डोकावतेच, अंडी फोडते, पिल्लू असलं तर टोचून बाहेर टाकते. एक काम करा, एखादा महिना सगळे फिंच खाली व्हरांड्यात वेगळ्या पिंजऱ्यात करवंटीसकट ठेवून बघा. उंदराचं खरं खोटं आपोआप कळेल.

मोकळं_आभाळ

एवढी उठाठेव करण्यापेक्षा पिंजऱ्याचं दार उघडा आणि सोडून द्या सगळ्यांना. उडणं हा त्यांचा हक्क आहे. माणसाला वन बीएचकेत जागा पुरत नाही आणि पक्ष्यांना तीन फुटात कोंबायचं ही कुठली हौस.

कल्याणचा_पप्या

भावा सोडून दिले ना तर अर्ध्या तासात कावळे फाडतात त्यांना, आमच्या बिल्डिंगमधे बघितलंय डोळ्याने. शंभर पिढ्या पिंजऱ्यात गेलेला पक्षी तो, पिवळाधम्मक, त्याला ठाण्यात दाणा कुठे मिळणार आणि लपणार कुठे. नवीन घेऊ नका म्हणा, ते पटतं.

@ठाण्याची_चिऊ मी काय म्हणतो, फिंच दुसऱ्याला देऊन टाका आणि त्या बदली एक खरा लव्हबर्ड घ्या, आफ्रिकन वाला, लाल चोचीचा, साइझ बजीच्या जवळपास आहे म्हणजे मारामारी बरोबरीची होईल 😂 किंवा त्या रंगीत मुनिया मिळतात ना बाजारात, गुलाबी हिरव्या, त्या एकदम स्वस्त असतात.

डॉ_चोच

पप्या, दोन्ही सल्ले नकोत. आफ्रिकन लव्हबर्ड बजीपेक्षा फार मोठा नाही हे खरं, ५० ग्रॅमच्या आसपास, पण चोच कितीतरी जड आणि जागेच्या बाबतीत अतिशय हेकट. बजीची वरची चोच तुटून आलेली, बोटं तोडलेली, अशा केसेसमधे सोबत लव्हबर्ड असतो. तो त्याच्या जातीच्याच जोडीदाराबरोबर ठेवायचा, बाकी कुणाबरोबर नाही. शिवाय पीचफेस सोडून फिशर वगैरे लव्हबर्ड साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मधे येतात, त्यांची २०२४ च्या नियमाप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. जावा चिमणीचंही तेच. बजी, कॉकाटील, झेब्रा ह्यांना ती लागत नाही.

आणि त्या गुलाबी हिरव्या मुनिया म्हणजे रानातून जाळ्यात पकडलेल्या आपल्या देशी मुनिया, वर रंग मारलेला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे पकडणं, विकणं, पाळणं सगळा गुन्हा. रंग चाटून चाटून आठवड्याभरात मरतातही बऱ्याच. आपल्या हिरव्या पोपटालाही हाच कायदा, हे बऱ्याच घरांत अजून माहीत नाही. (बेंगॉली फिंच चालतो. मूळचा मुनियाच, पण कित्येक पिढ्या माणसाने पाळून तयार केलेला.)

आता ताईंसाठी. चावाचावीबद्दल पिसारांनी सांगितलंच आहे, पण मला जास्त काळजी आजाराची वाटते आणि त्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही. नवे पक्षी घरच्या नात्यातून आले म्हणून ते निरोगी आहेत असं धरू नका. किमान ३० दिवस ते दुसऱ्या खोलीत, वेगळ्या वाट्या, वेगळा झाडू. दाणापाणी आधी जुन्यांचं करायचं मग नव्यांचं, आणि हात धुवायचे. बजी आणि कॉकाटील दोघेही सिटॅकोसिसचे (पोपटतापाचे) जंतू वरून ठणठणीत दिसत असताना बाळगू शकतात. विष्ठा वाळून तिची धूळ हवेत मिसळली की तो माणसालाही होतो, ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, पुढे न्यूमोनिया. घरात कुणाला असं काही झालं तर डॉक्टरांना पक्षी आहेत हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. बजीच्या चोचीच्या कडेला पांढरं मधाच्या पोळ्यासारखं दिसत असेल तर ती खरजेची कीड, ती आधी निस्तरा. पक्षी भरपूर खातोय तरी छातीचं हाड वर आलंय आणि विष्ठेत अख्खे दाणे पडतायत, तर विष्ठेची तपासणी करून घ्या.

कॉकाटीलच्या अंगाची पांढरी पावडर पडते, काळ्या टीशर्टवर लगेच कळते. बंद जागेत ती लहान पक्ष्यांच्या आणि दमा असलेल्या माणसांच्या छातीला त्रास देते. घरात कुणाला दमा असेल तर कॉकाटीलची जागा बाल्कनीच.

रक्त आलंच तर स्वच्छ कापसाने दाबून धरा आणि वर कॉर्नफ्लोअर लावा. फिंचच्या अख्ख्या शरीरात जेमतेम मिलिलिटरभर रक्त असतं, चार-पाच थेंब गेले तरी जिवावर बेततं, त्यामुळे संध्याकाळी बघू असं करू नका. तुम्हाला ठाण्याहून परळचं बैलघोडा (जनावरांचं हॉस्पिटल) लांब नाही, तिथे पक्षीही बघतात.

ठाण्याची_चिऊ

बापरे, मी साधा प्रश्न विचारला आणि मला केवढं कळलं. सगळ्यांचे आभार. घरात हे सगळं वाचून दाखवलं, "दुकानात पक्षी राहत नाहीत, थांबतात" हे वाक्य ह्यांना फार लागलं, आता स्वतःच दुसऱ्या पिंजऱ्याचं माप काढत बसलेत.

सासूबाईंना दमा आहे. त्या हॉलमधे झोपतात, म्हणजे कॉकटेल शेवटी बाल्कनीतच आणि बजींना थोडं सरकवायचं. आधी मात्र महिनाभर फिंच आणि कॉकटेल दोघेही बेडरूममधे, मग बाल्कनीत. पण एक आयडिया आलीय, बजींच्याच पिंजऱ्याला वरून अजून तीन फुटाचा मजला जोडून घ्यायचा, मधे जाळी, वर फिंच खाली बजी. फॅब्रिकेशनवाला करून देतो म्हणतोय. हे चालेल ना? आणि दाण्याचं काय, तिघांना एकच मिक्स दाणा चालतो का? मुलगी विचारतेय की कॉकटेलला बजींबरोबर खेळायला कधीच नाही का मिळणार.

पिसारा_सांगली

फिंच वर हे बरोबर, पण एकेरी जाळी नको. बजी छताला उलटं लटकतात की नाही, मग वर फिंच तळाच्या जाळीवर उतरला की खालून बोट पकडणार. हे सगळ्यात जास्त होतं आणि लोकांना वाटतं पार्टिशन केलंय म्हणजे झालं. मधे सरळ पत्रा टाका आणि त्यावर सरकता ट्रे, घाणही खाली पडणार नाही. शेजारी-शेजारी करणार असाल तर दोन जाळ्या आणि मधे दोन इंच अंतर. फिंचच्या भागाची लांबी वाढवा, उंची नाही वाढवली तरी चालते, ते सरळ रेषेत इकडून तिकडे उडतात. दांड्या दोनच, दोन टोकांना, मधे मोकळं.

दाणा एकच नको. बजी आणि फिंचला राळा, बाजरी, कॅनरी सीड असं बारीक चालतं, फिंचला आठवड्यातून एक-दोनदा उकडलेलं अंडं किसून द्या, कवचासकट. कॉकाटीलला त्यात थोडी करडई आणि अगदी थोडं सूर्यफूल. बजींच्या हाती सूर्यफूल लागलं की ते बाकी सगळं सोडून तेच खातात आणि फुगतात, अंगावर चरबीच्या गाठी येतात. एका पिंजऱ्यात ठेवलं की हे सांभाळता येत नाही, हे पण एक कारण आहेच. समुद्रफेस तिघांनाही लावा. फिंचना आंघोळीला पसरट वाटी द्या, बजींना ओली कोथिंबिरीची जुडी टांगा, ते त्यातच अंग घासतात.

लेकीला सांगा, मिळेल की. महिना झाला, डॉक्टर म्हणतायत तसं सगळं ठीक असलं की खिडक्या लावून, पंखा बंद करून, आरसा झाकून खोलीत सोडा कॉकाटील आणि बजी, तुम्ही समोर बसा. हॉलमधे नको, सासूबाईंचा दमा आहे, बेडरूममधे. मोकळ्या जागेत त्यांचं बरं जमतं, एकमेकांचे आवाज पण उचलतात. स्वयंपाकघराचं दार तेवढं लावून घ्या, नॉनस्टिक तवा कोरडा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत जातात. फिंच ह्या खेळात नाहीत.

गच्चीवरचे_काका_नाशिक

फिंच खाली आणले आहेत. मंडळींनी नाक मुरडलं, पण आणले.

डॉ_चोच

उत्तम काका. ताई, फॅब्रिकेशनवाल्याला एवढं सांगा की फिंचच्या भागात दोन तारांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं घालून निसटतात किंवा अडकतात. आणि नवी गॅल्वनाइज्ड जाळी असेल तर पक्षी टाकायच्या आधी व्हिनेगर आणि ब्रशने सगळी घासून, धुवून उन्हात वाळवून घ्या. वरचा जस्ताचा भुगा बजी चाटून काढतात आणि विषबाधा होते. तारेवर जस्ताचे लटकलेले थेंब दिसले तर ते कानशीने काढून टाकायला सांगा.

ठाण्याची_चिऊ

सांगते. दीर रविवारी येतायत, पिंजरा तोपर्यंत होत नाहीये, म्हणून फिंच आणि कॉकटेल त्यांच्याच जुन्या पिंजऱ्यांतून येणार, ते परत न्यायचे नाहीत असं फोनवर बजावलंय.